सवतीला दाखवलेली बाग

आई, भाऊबीजेला नगरला आले होते, तेव्हा मुलांना घेऊन छावणीतल्या त्या बागेत जाऊन आले. हौद अजून आहे. कारंजं बंद आहे, त्याच्या तोंडाला कुणीतरी पोत्याचा तुकडा बांधून ठेवलाय, आणि तळाला पाण्याऐवजी वाळलेला पाला. मेंदी कापून केलेले मोर कधीचेच वाढून साधी झुडपं झालेत. मुलं थोड्याच वेळात कंटाळून झोपाळ्यांकडे पळाली आणि मी हौदाच्या कठड्यावर बसून राहिले. वाटलं, हे तुला सांगायला हवं. तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि तू होतीस तेव्हाही तुला अक्षर वाचता येत नव्हतं. पण तू गळ्यातल्या त्या चांदीच्या टाकाशी रोज बोलायचीस, तेव्हा समोरून कुठे उत्तर येत होतं? तरी तुझं बोलणं कधी अडलं नाही. म्हणून मीही लिहिते.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि भाऊ चार वर्षांचा. आम्हाला जन्म दिलेली आई आदल्या वर्षी तापानं गेली होती. आबा छावणीतल्या लष्कराच्या कारखान्यात फिटर होते, आणि घर चालवायची त्यांची थोरली बहीण, आमची आत्या. तू खर्ड्याच्या बाजूची, कोरडवाहू मुलखातली. तेव्हा तुझं वय एकोणीस-वीस असेल. आज माझ्या शाळेत शिकवायला येणाऱ्या नव्या मुली बघते तेव्हा कळतं की तू किती लहान होतीस. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आत्यानं तुझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात जोडून उभी. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. त्याला सवतच म्हणतात. आत्यानं तुला बजावलेलं मला आठवतं. "नवं लुगडं नेसशील तर आदी हिला दाव. गोडधोड करशील तर आदी हिला. तुला काय बी नवं मिळालं तर पयला मान हिचा. न्हाई तर ती पोरांच्या मागं लागंल, सांगून ठेवते." तू मान खाली घालून "व्हय वन्सं" म्हणालीस.

मी कोपऱ्यात रडत होते. आत्यानं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "रडू नगं. तुजी आई कुटं बी गेली न्हाई. हितंच हाय बग, हिच्या गळ्यात." तिला बिचारीला तरी दुसरं काय सांगता येणार होतं? पण मी ते खरं धरलं. पूर्ण खरं. आणि जे मी खरं धरलं ते भावालाही सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही दोघं तुझ्या तोंडाकडे बघायचोच नाही, तुझ्या गळ्याकडे बघायचो. तू भाकरी थापायला वाकलीस की टाक पदराबाहेर येऊन चुलीकडे लोंबायचा, आणि मला वाटायचं, आईला झळ लागतेय. वेणी घालायला तुझ्यापुढे बसायचं झालं तर मी टाकाला सांगायची, "वेणी घालायचीय." तेल लावून, घट्ट पेड ओढून वेणी घालायचीस आणि मग टाकाला म्हणायचीस, "झाली बगा बाई तुमच्या लेकीची येनी." तू तिला कायम बाई म्हणायचीस, थोरल्या जावेला म्हणावं तसं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. आबा एका संध्याकाळी सायकल भिंतीला लावता लावता म्हणाले, "येत्या ऐतवारी साहेबाच्या बागंत जायचंय. कारखान्यातल्या समद्यांना बायकापोरांसकट बोलवलंय." छावणीतली ती बाग आम्ही बाहेरून, तारेतून, बघितलेली होती. आत नुसते गोरे सोल्जर असायचे. आत्या म्हणाली, "बागंत जाऊन करायचं काय?" आबांनाही ते नीट माहीत नव्हतं. ते म्हणाले, "फिरायचं. बगायचं. शिदोरी खायाची." आत्याला हे पटलं नाही, पण शिदोरी म्हटल्यावर ती कामाला लागली. तू शनिवारी रात्रीच दुधातल्या दशम्या केल्यास, शेंगदाण्याची चटणी कुटलीस, आणि गुळाच्या पोळ्या. पहिली पोळी टाकासमोर धरलीस. मी ते दाराआडून बघत होते आणि मला तुझा राग येत होता, कारण पोळीचा वास आईला तुझ्यामुळे मिळत होता, माझ्यामुळे नाही.

टांग्यानं आम्हाला फाटकाशी सोडलं. आबा पुढे सायकलवर, इस्त्रीच्या खाकी विजारीत, दाढी गुळगुळीत. फाटकातून आत लाल मुरमाची रेघेसारखी सरळ वाट, दोन्ही बाजूला गुडघाभर उंचीची मेंदी, आणि पलीकडे हिरवळ. आई, आपल्या नगरात दिवाळी झाली की माळरान कसं पिवळं पडतं. थंडीत एवढं हिरवं गवत मी जन्मात बघितलं नव्हतं. आत्यानं ते बघितलं आणि देवळात शिरावं तशा वहाणा काढून हातात घेतल्या. पहारेकरी हसून म्हणाला, "आजीबाय, हितं पायतान चालतंय." आत्या म्हणाली, "तुला चालत आसंल. माजा पाय न्हाई उचलत." आणि दिवसभर ती त्या वहाणा हातात घेऊन फिरली. तिचं बघून तूही काढल्यास. मग आम्हीही.

बागेच्या मधोमध तो हौद. दगडी, अष्टकोनी, मधे कारंजं. त्याचं पाणी वर जाऊन छत्रीसारखं फुटायचं आणि खाली पडताना असा आवाज की बोलायचं तर जवळ सरकावं लागायचं. भोवती गुलाबाचे वाफे, लोखंडी बाकं, मेंदीचे मोर. कारखान्यातली सगळी बिऱ्हाडं हिरवळीवर बसली होती, आणि मोठा साहेब आपल्या मडमेबरोबर सगळ्यांना हसून मान डोलावत फिरत होता. आबा त्याला बघितलं की ताठ उभे राहायचे. आम्ही हौदाजवळच बसलो. दशम्या खाऊन झाल्या, आत्या तिथंच सावलीत आडवी झाली, आबा कुणाशी तरी बोलायला गेले. तू हात धुतलेस, पदर सावरलास, आणि आमच्याकडे पाठ करून हौदाच्या कठड्यावर बसलीस. मी गवत उपटत तुझ्या मागेच होते. तू टाक पदराबाहेर काढलास, दोन बोटांत धरून कारंज्याकडे वळवलास आणि हळू आवाजात बोलू लागलीस.

"बगा बाई. हे पानी आपलं आपन वर जातंय. आमच्याकडं पान्यासाठी हिरीत उतराया लागतं, आन् हितं बगा कसं उधळत्यात. हे गुलाब. ते मोर, पर मोर न्हाईत, झाड हाय कापल्यालं. तुमी आला आसता तर तुमीच पोरांस्नी आनलं आसतं. आता माज्या डोळ्यांनी बगा."

माझं गवत उपटायचं थांबलं. मला तोवर वाटायचं की तू आईला अडकवून ठेवलंय. तू तिला बाग दाखवत असशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

भाऊही ऐकत होता. तो तुझ्या मांडीवर चढला. हौदात लाल मासे होते, बोटाएवढे, आणि त्याला ते केव्हाचे आईला दाखवायचे होते. त्यानं टाक मुठीत धरला, पाण्याकडे ओढला आणि म्हणाला, "आई, भायेर ये, मासं बग." तू "आरं, आरं" म्हणेपर्यंत दोरा तुटला. टाक त्याच्या मुठीतून निसटला. पाण्यात एकदा चमकला आणि कारंज्याच्या फेसाखाली गेला.

भावानं भोकाड पसरलं. "आई बुडाली! आई बुडाली!" मी कठड्याला धरून पाण्यात बघत राहिले. आईला मी दुसऱ्यांदा जाताना बघत होते आणि या वेळी मला सगळं कळत होतं. आत्या दचकून उठली, तुझा मोकळा गळा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "सवत पान्यात घातली का गं भवाने! दोरा बगून बांदता येत न्हाई? आता हे घर बुडालं म्हन!"

लुगड्याचा काष्टा वर खोचलास, पदर कमरेला आवळलास आणि साहेबाच्या हौदात उतरलीस. पाणी तुझ्या मांड्यांपर्यंत आलं. सगळी बाग उठून बघायला लागली. कुणी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पहारेकरी पळत आला, "ओ बाई, भायेर या! हौदात उतरायचं न्हाई, हुकूम हाय!" तू वर न बघता म्हणालीस, "माजी सवत पडलीया आत. तिला घेतल्याबिगर मी यायची न्हाई." तो चक्रावला. "सवत? कोन सवत?" आबा धावत आले होते. त्यांचा चेहरा मला दिसतो, लाजेनं काळवंडलेला. खालच्या आवाजात म्हणाले, "वर ये. साहेब बगतोय. दुसरा करून आनू सोनाराकडनं." तेव्हा तू मान वर केलीस. "दुसरा टाक येईल. पर पोरांची आई हीच हाय. पोरांनी तिला पडताना बगितलंय, तर निगताना बी बगाया पायजे."

तेवढ्यात साहेब आलाच. काय झालं म्हणून त्यानं आबांना विचारलं, आणि आबांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत खरं तेच सांगितलं, "वाइफ, सर. फर्स्ट वाइफ. इन वॉटर." साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. तो कोट काढून फेकून हौदाकडे धावला, आणि कारखान्यातल्या जमादारानं त्याला दंडाला धरून, फर्स्ट वाइफ केवढी असते ते बोटाचं पेर दाखवून समजावलं. पुढे या गोष्टीला आपण किती हसायचो, आठवतं? आत्यासुद्धा. पण त्या वेळी मी हसले नाही.

तू पाण्यात उभी होतीस आणि कारंजं तुझ्या डोक्यावर कोसळत होतं. तळ दिसत नव्हता. तू आबांना म्हणालीस, "हे उडतंय ते थांबवा. पानी ठरल्याबिगर दिसायचं न्हाई." आबांनी साहेबाकडे बघितलं. मग ते वळले, मेंदीआडच्या चौकोनी खड्ड्यापाशी गेले, झाकण सरकवलं, इस्त्रीच्या विजारीनिशी गुडघ्यावर बसले आणि कारंज्याच्या नळाचा कॉक फिरवला. कारंजं खाली खाली येत बसलं. एकदम एवढी शांतता झाली की सुरूच्या झाडांतला वारा ऐकू यायला लागला.

"कुनी हलू नगा," तू म्हणालीस, आणि स्वतःही पाय न हलवता तशीच उभी राहिलीस. पुढे तू मला सांगितलंस की माहेरी विहिरीत घागर पडली की काढायला तुलाच उतरवायचे, कारण तू घाई करायची नाहीस. गाळ ढवळला की घागर गेली, म्हणायचीस. पाणी हळूहळू निवळत गेलं. लाल मासे तुझ्या पायांशी परत आले. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या कुणा फिटरच्या बायकोनं मला कोपरानं ढोसलं, "ती पान्यात उबी हाय ती तुजी कोन गं?" मी घरात तुला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हते. आत्यानं धाकटी आई म्हणायला शिकवलं होतं, ते माझ्या जिभेवर कधी आलं नव्हतं. तेव्हा ते आलं. मी म्हटलं, "माजी धाकटी आई हाय," आणि बाई आणखी काही विचारेल म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं. तू ऐकलंस की नाही कोण जाणे. तू तेव्हा वाकली होतीस, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला होतास. हात वर आला तेव्हा मुठीत शेवाळ होतं, आणि शेवाळात ती, हात जोडून उभी.

कुणीतरी टाळी वाजवली. साहेबानं टोपी काढून काखेत धरली, ऊन म्हणून की आणखी कशानं, ते त्याचं त्याला माहीत. तू बाहेर आलीस, लुगड्यातून पाणी निथळत होतं, दात वाजत होते. आत्यानं आपल्या कमरेच्या बटव्याची नाडी तोडून पुढे केली. "बांद लवकर गळ्यात. आन् पाया पड तिच्या." तू नाडीत टाक ओवलास. मग माझ्यापुढे बसलीस, आणि माझ्या गळ्यात बांधलास.

"आगं, हे काय?" आत्या ओरडली. "ते तुज्या गळ्यात पायजे! रीत हाय!"

"रीत मी मोडत न्हाई वन्सं. सांजंला घालीन की. आजच्या दिस लेकीकडं ऱ्हाऊ द्या. मी आपली परकी, मला मेलीला फुलांची नावं बी ठावं न्हाईत. लेकीनं आईला बाग दाखवावी."

त्या दुपारी मी आईला सगळी बाग दाखवली. टाक दोन बोटांत धरून, तू धरायचीस तसा. मेंदीचे मोर, गुलाबाचा एकेक वाफा, लोखंडी बाक, साहेबाच्या मडमेची छत्री. भाऊ मागून येत होता, "मला बी दे, मला बी दे," म्हणून मग मासे त्यानं दाखवले, मी दोरा मुठीत घट्ट धरून ठेवलेला. तू उन्हात लुगडं वाळवत बसली होतीस. मी लांबून अधूनमधून तुझ्याकडे बघत होते. एवढ्या माणसांत, ओल्या लुगड्यात, तू मान ताठ ठेवून अशी बसली होतीस जशी काही बाग तुझीच होती आणि बाकीचे सगळे पाहुणे. आई, मला त्या वेळी जे वाटलं त्याला अभिमान म्हणतात, हे मला पुढे पुस्तकातून कळलं.

संध्याकाळी टांग्यात मी आपणहून टाक काढला. तू मान खाली केलीस आणि मी मागून गाठ मारली. दोन गाठी. तू म्हणालीस, "झालं का समदं बगून?" मी पहिल्यांदा तुझ्या तोंडाकडे बघून उत्तर दिलं, "व्हय. कारंजं ऱ्हायलं." टांग्याच्या अगदी पुढ्यात आबा सायकलवर होते. ते पाठमोरेच म्हणाले, "ते मीच बंद केलं हुतं, पोरी." आणि आत्याला हसू आलं.

आळीत पुढे कितीतरी दिवस तुझी थट्टा चालायची. नळावर बायका म्हणायच्या, "सरका गं, सवतीला पान्यातनं काढनारी आली." तू घागर लावत म्हणायचीस, "तुमी तरी काढा की, जित्या सवती हायेत तुमास्नी," आणि सगळा नळ हसायचा. तुला मूल झालं नाही. आत्या त्याचा दोष टाकाला द्यायची, तू कधी दिला नाहीस. मी सातवीची फायनल पास झाले तेव्हा आत्या म्हणाली पुरे, आता पोरीला उजवा, आणि तू चुलीपुढे बसून टाकाला मोठ्यानं, आबांना ऐकू जाईल असं, विचारलंस, "काय म्हंता बाई? पुडं शिकवू? बरं, तुमी म्हंता तर शिकवते." पहिल्या बायकोचा शब्द आबांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी ट्रेनिंग कॉलेजची चौकशी केली. मी मास्तरीण झाले, आज हेडमास्तरीण आहे, आणि माझ्या हाताखालच्या बायका म्हणतात की बाई घाई करत नाहीत, गाळ बसेपर्यंत थांबतात. हे वाक्य मीच त्यांना शिकवलंय. कुठून आणलं ते सांगत नाही.

तू गेलीस तेव्हा आत्या नव्हती, रीत सांगायला कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या दिवसांत तू टाक स्वतःच काढून माझ्या हातात ठेवलास. "तुमची आई तुमच्याकडं," म्हणालीस. "लई संबाळलं मला त्यांनी." मी तो गळ्यात घालत नाही, माझ्यावर तशी वेळ नाही, पण प्रवासाला निघाले की पर्समध्ये असतो.

परवा हौदावर बसले तेव्हा तो बाहेर काढला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून. दोन बोटांत धरला, बंद कारंज्याकडे वळवला, आणि मनात म्हटलं, बघा, मेंदीचे मोर वाढलेत. तेवढ्यात माझी धाकटी मुलगी पाठीमागून आली, घामेजलेली, आणि माझ्या खांद्यावरून वाकली. हौदाची गोष्ट तिनं मामाच्या तोंडून शंभरदा ऐकलीय. भावाला खरं तर काही आठवत नाही, पण त्याच्या गोष्टीतले मासे प्रत्येक वेळी मोठे होत जातात. तिनं टाकावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"माझी आई," मी म्हटलं.

"हौदात उतरली होती ती?"

टाकावरची बाई पाण्यात पडली होती. उतरली होतीस तू. एवढा साधा फरक, आणि मुलांना नीट समजावून सांगायची मला आयुष्यभराची सवय. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुला सांगते. मी तिला "हो" म्हटलं, आणि ते दुरुस्त केलं नाही.